शेंदूर लावलेला ट्रेलर

इरा, नील,

मी मध्ये कुठे गायब होते हे तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी "औरंगाबादला" एवढंच सांगून विषय बदलला. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आता नागपूरला परत आले आहे, कपडे धुऊन झाले, बॅग माळ्यावर गेली. टेबलाशी बसून क्रमाने लिहिते. ज्या गोष्टीचं कारण मला कळलं तिथे कारण देईन, जिथे कळलं नाही तिथे कळलं नाही असंच लिहीन.

नसरीनच्या घरी

शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. स्टेशनवर, बसवर, दुकानांच्या पाट्यांवर तेच दिसतं. माझं कॉलेज झालं तेव्हा ते औरंगाबाद होतं आणि माझ्या जिभेला तेच वळण राहिलं आहे. नसरीन ही त्या दिवसांतली माझी मैत्रीण. इंग्रजीच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. ती उर्दू शाळेतून आलेली, मी मराठी शाळेतून, आणि इंग्रजी दोघींनाही सारखंच परकं. त्यामुळे मैत्री पक्की झाली.

ती दारातच म्हणाली, "सुमती, कितनी सुकलीस गं तू! नागपूरवाले खाना नहीं देते क्या?"

"देतात. पण तिखट इतकं की पाणीच जास्त पोटात जातं."

"इथं नक्को करू तसलं. आज पोटभर खायचं."

तिच्या घरी त्या दिवशी नान-खलिया होता. मी मांस खात नाही हे तिला पन्नासाहून अधिक वर्षं ठाऊक आहे, म्हणून माझ्यासाठी खट्टी दाल आणि बगारे बैंगन वेगळ्या चुलीवर केले होते. नान मात्र तोच. मोठा, पिवळसर, भट्टीतून आलेला. आपल्याकडे पाहुण्याला "घ्या हो, घ्या हो" करत वाढतात. नसरीनकडे आग्रह करत नाहीत, तुमचं लक्ष दुसरीकडे गेलं की ताटात घालतात.

जेवण झाल्यावर तिने काम काढलं.

तिचा नवरा मालवाहतूक करायचा. तो गेल्यावर मुलगा इम्रान धंदा बघतो. धंदा म्हणजे एक घोडा आणि एक ट्रेलर. घोडा म्हणजे ट्रकचं नुसतं तोंड: केबिन, इंजिन आणि मागे उघड्या सांगाड्याची पाठ. या पाठीवर लांबलचक ट्रेलर येऊन बसतो. दोन्ही वेगळे होऊ शकतात. घोडा एकटा चालतो. ट्रेलर एकटा हलतसुद्धा नाही, आणि त्याचं कारण मी पुढे सांगेन, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

घोड्यावर ड्रायव्हर होता दत्तू. कन्नडच्या अलीकडच्या एका गावातला. नसरीनच्या नवऱ्यापासून त्यांच्याकडे कामाला होता. मागच्या हिवाळ्यात घोड्याचा क्लच बिघडला. दत्तूने ट्रेलर आपल्याच शेताच्या कडेला सोडला, आईला "सांजच्याला येतो" म्हणाला आणि नुसता घोडा घेऊन शहरात आला. गॅरेजच्या दारात बाभळीखाली चहा प्यायला बसला तो तिथेच गेला. कप हातात होता म्हणतात.

"वर्ष झालं, ट्रेलर तिथंच उभा आहे," नसरीन म्हणाली. "दत्तूची आई नेऊ देत नाही. भांडत नाही, रडत नाही. नुसती म्हणते, त्याला यायचंय. आता इम्रानला वाळूजच्या कारखान्याचं काम मिळालंय. ट्रेलर नसला तर काम दुसऱ्याला जाणार. नुसत्या घोड्याला कोण विचारतं?"

"यात मी काय करणार?"

"दत्तूची आई म्हणजे तुझी सरू."

 पोलीस अॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरच्या वर्षांत माझ्या वडिलांची बदली कन्नडला झाली होती. शाळांत उर्दूच्या जागी मराठी आलं होतं आणि मराठीचे मास्तर कमी होते. सरू आमच्या शेजारच्या शेतकऱ्याची मुलगी. आम्ही दोघी चिंचोके, बोरं आणि खोड्या वाटून घ्यायचो. तिचं लग्न झालं, मी कॉलेजला गेले, आणि मग एवढी वर्षं नुसता निरोप. नसरीनच्या घरात ड्रायव्हरची आई म्हणून जिचं नाव येत होतं ती माझी सरू, हे नसरीनला मागच्या महिन्यात कळलं होतं.

"आणि अजून एक," नसरीनने आवाज उतरवला. "दिवाळीआधी इम्राननं एक ड्रायव्हर पाठवला होता. तो हात न लावताच परत आला. म्हणे ट्रेलर श्वास घेतो."

इम्रान दारात उभा होता. तो हसला नाही.

घोड्यावरून

सकाळी इम्रानच्या घोड्यातून निघालो. नील, तुला वाटतं तसं ते वर चढणं सोपं नाही. पहिली पायरी माझ्या कमरेला येत होती. मी वर पोचले, माझी एक चप्पल खाली राहिली. इम्रानने ती दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे ठेवली, जणू ती ताटात वाढायची वस्तू होती.

"खाला, घट्ट धरा. मागं वजन नसलं की हा उड्या मारतो."

(खाला म्हणजे मावशी.) खरंच मारत होता. दौलताबादचा किल्ला मी आयुष्यात प्रथमच वरखाली होताना पाहिला. खुलदाबादेला उतरून चहा घेतला. थंडी होती आणि धुकं उशिरापर्यंत रेंगाळलं होतं. वेरूळ मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं पांढरट हिरवी. कुठे कुठे शेतात आगटी पेटवून लोक हुरडा भाजत होते.

मला एक गोष्ट लवकरच खटकायला लागली. इम्रान सारखा आरशात मागे बघत होता. मागे काहीच नव्हतं.

"सवय आहे," तो म्हणाला. "ट्रेलर असला की वळणावर त्याची शेपटी बघावी लागते. आता नाहीये, तरी मान वळते. दत्तूचाचा म्हणायचे, मागचा आपल्या भरवशावर येतो, त्याला विसरायचं नाही."

"तुला भीती वाटते?"

"ट्रेलरची नाही, खाला." थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "दत्तूचाचाच्या मायच्या तोंडाकडे बघायची वाटते."

सरूचं शेत

ट्रेलर लांबूनच दिसला. उभ्या ज्वारीच्या वर त्याची लांब सपाट पाठ, आणि पुढे तोंड नाही. मुंडकं नसलेलं जनावर पुढच्या दोन बारीक पायांवर उभं असावं तसा. ज्वारीवर पाखरांचे थवे उतरत होते, गोफणीचा आवाज आला की उठत होते, पण त्याच्यावर एकही बसत नव्हतं.

सरू बांधावर उभी होती. वाकली आहे, केस पांढरे, पण उभं राहण्याची ढब तीच: एक हात कमरेवर, हनुवटी वर.

"कोण गं तू?"

"सुमी."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाय व्हय. सुमी लई बारीक होती."

"सरे, सत्तर वर्षं झाली."

"व्हय, म्हणून काय एवढं फुगायचं?" आणि तिने मला असं कवेत घेतलं की चष्मा वाकला. तो अजून वाकडाच आहे.

तिने आम्हाला आधी हुरडा दिला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली कणसं हातावर चोळून, फुंकून, गरम दाणे थेट तळहातावर. सोबत लसणाची चटणी आणि दही. आमच्या नागपूरकडे हुरडापार्टीला आता कागदी ताटल्या आणि खुर्च्या असतात. इथे कणीस चोळणाऱ्याच्या हाताखाली आपला हात धरायचा, एवढीच रीत. इम्रानने दोन्ही हात पुढे केले तेव्हा सरू म्हणाली, "बापावानीच धरतुस रे लेकरा. सांडत नाय एकबी दाणा."

मग मी ट्रेलर बघायला गेले. तुम्हाला तो नीट समजावून सांगते. ट्रेलरचे ब्रेक हवेवर चालतात, पण आपल्याला वाटतं त्याच्या उलटे. हवा नसली की ब्रेक आवळलेले राहतात. घोड्याच्या पाठीमागून दोन नळ्या येतात आणि ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवरच्या दोन जोडण्यांत बसतात. लाल नळीने सतत हवा जाते आणि ब्रेक सुटतात. पिवळीने ड्रायव्हरच्या पायाचा निरोप जातो: थांब. या जोडण्या लोखंडी तळव्यासारख्या असतात, आणि कोणती नळी कुठे लावायची ते कळावं म्हणून त्यांनाही लाल आणि पिवळा रंग दिलेला असतो. नळीच्या टोकाचा तळवा ट्रेलरच्या तळव्यावर ठेवायचा आणि फिरवायचा, की दोघे एकमेकांत अडकतात, हात मिळवल्यासारखे.

ट्रेलरचे ते दोन तळवे सरूने देव केले होते. दसऱ्याला आपण अवजारांना, गाड्यांना हळद-कुंकू लावतो, तसं तिने लावलं होतं, पण नंतर थांबली नव्हती. एका तळव्यावर तेलात कालवलेला शेंदूर, थरावर थर, दुसऱ्यावर हळद. दोन्हींवरून तेलाचे ओघळ खालपर्यंत. वर झेंडूची सुकलेली फुलं. खाली मुरमावर कोणीतरी नारळ ठेवला होता.

"गावातली बी ठिवतात आता," सरू म्हणाली. "त्याचा हात शेवटी इथंच लागला व्हता. ही नळी सोडली आन् गेला. घरातलं दुसरं सगळं मी धुतलं, पुसलं. हे कसं पुसू?"

मी समजावणीचं जे भाषण मनात तयार करून आले होते ते तिथेच गिळलं.

संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. सून तिच्या मुलीकडे गंगापूरला राहते, त्यामुळे घरात सरू एकटी. चूल पेटलेली, पीठ मळून ठेवलेलं, पण तवा बाजूला. मला भूक लागली होती आणि ती का थांबली आहे कळत नव्हतं. वारा पडला होता. ज्वारीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

तेव्हा तो आवाज आला.

फुस्स्स. लांब, सावकाश, आणि शेवटी तुटल्यासारखा. दमून आलेला माणूस खाली बसताना सोडतो तसा श्वास. शेताच्या कडेने आला, जिथे ट्रेलर होता तिथून.

सरू उठली आणि तिने तवा चुलीवर ठेवला.

इम्रानचा चेहरा उतरला होता. तो अगदी हळू मला म्हणाला, "खाला, ट्रेलरच्या पोटाला हवेची टाकी असते. हवेत पाणी साचतं, म्हणून रोज काम संपलं की खालची कडी ओढून ते सोडतात. तेव्हा असा आवाज होतो. दत्तूचाचा कडी ओढायचे आणि मग जेवायला जायचे."

"मग हवा राहिली असेल आत."

"वर्षभर? ती तर आठवड्यात निघून जाते. आणि कडी ओढली कोणी? आपण तिघंही इथंच बसलोय."

चुलीपाशी सरू भाकरी थापत होती. पाठ आमच्याकडे. "तो आवाज आला की मी तवा ठिवायची," ती म्हणाली. "म्हंजी तो हात धुऊन येईस्तोवर भाकर फुगायची. अजून तसंच करते. येत नाय तो. पण आवाज येतो, मग तवा कसा नाय ठिवायचा?"

आम्ही मेथीची पातळ भाजी आणि ठेचा खाल्ला. चौथं ताट तिने वाढलं नाही. फक्त एक भाकरी फडक्यात गुंडाळून चुलीच्या वर ठेवली. इम्रान घोड्याच्या केबिनमध्ये झोपायला निघाला. मी त्याला म्हटलं ओट्यावर झोप. तो आनंदाने झोपला.

जोडणी

सकाळी सरू स्वतःहून म्हणाली, "लावून बघ लेकरा. आला तर ने. मी आडवी येणार नाय. पण शेंदूर पुसायचा नाय कुणी."

मला वाटलं काम झालं. मी मनात नसरीनला फोनसुद्धा लावला होता.

इम्रानने घोडा उलटा घेतला, तो हळूहळू ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली शिरला आणि खट् असा मोठा आवाज होऊन दोघे जुळले. मग तो नळ्या घेऊन वर चढला. पहिली बसेचना. त्याने फिरवली, दाबली, अंगाचा भार टाकला. तळवे एकमेकांवर बसत, पण फिरत नसत.

"तेलानं रबर फुगलंय," तो म्हणाला. त्याने खिशातून नवी रबरी चकती काढली, टोकदार हत्याराने जुनी उचकटली, आणि हे सगळं इतक्या जपून की शेंदराला बोट लागू नये. कडेच्या गंजावर साबणाचं पाणी सोडायचं होतं, ते वाडगं मी धरून उभी होते. एकदा त्याच्या अंगठ्याला शेंदूर लागलाच. त्याने तो कपड्याला पुसला नाही. अंगठा वेगळा धरून काम करत राहिला.

"शेंदराला लाल, हळदीला पिवळी," तो स्वतःशी म्हणाला. शेवटी दोन्ही तळवे कुरकुरत फिरले. ट्रेलरचे पुढचे पाय त्याने हँडल फिरवून वर घेतले आणि इंजिन चालू केलं. हवा भरत गेल्याचं केबिनमधून कळत होतं. आता ब्रेक सुटायला हवे होते.

सुटले नाहीत. त्याने घोडा पुढे घेतला, चाकं मुरमात घसरली, धुरळा उडाला, ट्रेलर जागचा हलला नाही. त्याने ब्रेक दाबून सोडला. त्याबरोबर मागे ट्रेलरच्या पोटात काहीतरी भरलं आणि कण्हल्यासारखं झालं, आणि मागची चाकं आणखी आवळल्यासारखी गप्प झाली. पुन्हा दाबला, पुन्हा कण्हणं. पाय वर असलेला, हवा पाजलेला तो लांब लोखंडी देह, आणि तो पुढच्याला धरून ठेवत होता. मी पाहिलं आहे म्हणून लिहिते: ओढण्याने घोड्याचं तोंड किंचित उचललं गेलं. माझ्या हातातलं वाडगं सांडलं.

इम्रान खाली उतरला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "माय, दत्तूचाचाला नाही यायचं."



"मी जातो. नळ्या सोडतो. ते काम राहू दे." तो पुन्हा वर चढला आणि पहिल्या तळव्याला हात घातला, मग थांबला. लाल शेंदराचा मोठा पापुद्रा रबर बदलताना सैल झाला होता आणि आता लोंबत होता. त्याने तो दोन बोटांनी उचलून परत जागेवर दाबला.

"अरे, पुसून टाक की ते," सरू एकदम ओरडली. आवाज चिरका होता. "कवाचं बघतीया मी. लोखंड बघायचंय ना तुला? मग पुसत का नाय?"

"तुझा शेंदूर मी कसा पुसू, माय?"

"मी नाय म्हनले तरी पुसायचा! दुसरा कुणी असता तर चिंधीनं खरवडून काढला असता!"

"दुसरा असेल. मी नाही पुसणार."

सरू खाली बसली. तशीच मुरमावर, पदर डोक्यावरून घसरलेला. मी तिच्याशेजारी बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुमे, दसऱ्याला लावलं तवा माझं ध्यान नव्हतं. डोळ्यात पानी. शेंदूर त्या पिवळ्यावर गेला आन् हळद लालावर. मागून ध्यानात आलं. मला दत्तू म्हनायचा, माय, ह्या नळ्या उलट्या लागल्या तर गाडी जागची हालत नाय. म्हंजी मला ठावं व्हतं." तिने नाक ओढलं. "मग तसंच ठिवलं. रोज वरून लावत गेले. म्हनलं कुणी बी येऊ दे, नेता याचा नाय."

नील, कारण तुला सांगते, कारण तू विचारशील. सतत हवा देणारी नळी चुकीच्या दारात गेली होती. ती हवा ब्रेक सोडण्याऐवजी सारखं "थांब, थांब" सांगत होती. यात भूत नाही. पण तेव्हा हे कळूनही माझ्या अंगावरचा काटा गेला नाही, कारण त्या ट्रेलरला खरोखरच कोणीतरी धरून ठेवलं होतं. ते माझ्या शेजारी बसलेलं होतं.

सरू उठली. इम्रानने हात दिला, तिने तो घेतला आणि घोड्याच्या पाठीवर चढली. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि शेंदूर पुसायला लागली. थर जाड होता. खालून पिवळा रंग आला, सूर्यफुलासारखा स्वच्छ. मग हळद पुसली, खालून लाल. हात भरले, पदर भरला, चेहऱ्यालाही लागलं, कारण ती मध्येच डोळे पुसत होती.

इम्रानने नळ्या बदलून लावल्या. पिवळी बसली. लाल पुन्हा अडली.

"बोटानं नाय. खांद्यानं," सरू म्हणाली. "असा वर उचलून मग अंग टाकायचा तो." तिने आपला तळहात त्याच्या हातावर ठेवला. मला खाली उभं राहून तीन हात दिसत होते: इम्रानचा, तिचा, आणि खालचा लोखंडी. तळवा सहज फिरला. कुरकुरलाही नाही.

इंजिनची हवा आत गेली आणि ट्रेलरच्या सगळ्या अंगातून एक मोठा श्वास बाहेर पडला. चाकं सुटली. तो मुरमावर बोटभर मागे आला आणि थांबला.

सरूने लोखंडाला हात लावून नमस्कार केला. खाली उतरून म्हणाली, "सावकाश ने. वळनावर मागं बघ."

मी इम्रानबरोबर परत जायचं ठरलं होतं. मी गेले नाही, सरूपाशी राहिले. त्या संध्याकाळी चूल पेटली, पीठ मळलं गेलं, आणि आम्ही दोघी ऐकत बसलो. काही आलं नाही. पाखरं ज्वारीतून उठून ट्रेलरच्या मोकळ्या जागेवर उतरली. खूप उशिरा मीच उठून तवा ठेवला.

"किती शांत झालं गं," सरू म्हणाली. मला वाटतं, तिने माझ्याकडे केलेली ही एकच तक्रार.

नागपूरहून

परत निघताना मी हे इम्रानला फोनवर सांगितलं.  त्या दिवसापासून तो वाळूजला काम संपलं की ट्रेलरखाली वाकतो, सरूला फोन लावतो, फोन टाकीजवळ धरतो आणि कडी ओढतो. फुस्स्स. तिकडून सरू ओरडते, "ऐकलं रे! ठिवते तवा!" आणि फोन बंद करते. नसरीन म्हणते, गॅरेजवाले त्याला हसतात. त्याला फरक पडत नाही.

सरूशी माझं आता वरचेवर बोलणं होतं. परवा संध्याकाळी मी फोन केला तेव्हा ती घाईत होती. "सुमे, मागून बोल. आत्ताच इम्रानचा फोन येऊन गेला, आवाज ऐकला, भाकर तव्यावर हाय. आज लई लांब वाजला."

मी हसून फोन ठेवला आणि म्हटलं, इम्रानला शाबासकी द्यावी. त्याचा फोन लागेना. म्हणून नसरीनला लावला तर तोच बोलला.

"खाला, माझा मोबाईल सकाळी पाण्याच्या टाकीत पडला, दुकानात दिलाय दुरुस्तीला. ट्रेलर तर तिकडं वाळूजला कुलूप लावून उभा आहे, आज मी गेलोच नाही. माय वाट बघत असेल ना? तिचा नंबर त्या मोबाईलमध्येच राहिला. तुम्ही सांगाल का तिला, आज जमलं नाही म्हणून?"

मी सांगते म्हटलं.

सांगितलं नाही. तुम्ही सुट्टीत याल तेव्हा मी तुम्हाला सरूकडे हुरड्याला नेणार आहे. दोन्ही हात पुढे धरायचे, दाणा सांडायचा नाही. आणि संध्याकाळी ती तवा ठेवायला उठली, तर तिला काही विचारू नका.

तुमची आजी